फ्रंटिअरवरच्या बाप्टिस्ट उपदेशकाचं मूळ शोधायचंय? मग आधी त्याची मंडळी शोधा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची लेक नॅशव्हिलजवळ असते, जावई तिथलाच, आणि नातवाला दोन्हीकडच्या घराण्यांची माहिती लिहून हवीय. तुमच्या बाजूचं काम कुलवृत्तांत काढला आणि झालं, पण जावयाच्या बाजूला सात पिढ्या मागे गेलं की एक बाप्टिस्ट प्रीचर येतो आणि तिथं सगळं थांबतं. घरात सांगतात ते एवढंच की तो व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून १७८० च्या आसपास पूर्व टेनेसीत, म्हणजे तेव्हाच्या वस्तीच्या सरहद्दीवर (फ्रंटिअरवर) आला, बायको चेरोकी या तिथल्या मूळ जमातीतली होती, आणि जहाजातून तीन भाऊ आले त्यातला तो एक. ऑनलाइन त्याच्या नावाची वंशवृक्षांची ढीगभर झाडं आहेत नि प्रत्येकात आईवडील वेगळे. जन्माची नोंद कुठं मिळेल, हा तुमचा प्रश्न.

मी पूर्व टेनेसीत गेली अठरा वर्षं हेच काम करते, त्यातली निम्म्याहून जास्त डोंगराळ भागातल्या बाप्टिस्ट घराण्यांवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जन्माची नोंद शोधणं आधी थांबवा, कारण बहुतेक करून ती केलेलीच नाही. आपल्याला वसई किंवा गोव्याकडच्या कॅथलिक घरांची सवय असते, पॅरिशमध्ये गेलं की बाप्तिस्म्याच्या वहीत बाळाचं नाव, आईवडील, गॉडपेरेंट सगळं एका ओळीत मिळतं. बाप्टिस्ट लोकांचा मुख्य मुद्दाच हा की बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणसानं मोठं होऊन स्वतः विश्वास सांगायचा आणि मग नदीत पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा. त्यामुळे त्यांच्या वहीत जन्म नाही, आईवडील नाहीत, बऱ्याचदा मृत्यूही नाही. सरकारी जन्मनोंदणी तर त्या भागात विसाव्या शतकात नीट सुरू झाली. पण म्हणून हे लोक कागदावर नाहीत असं अजिबात नाही, ते वेगळ्या कागदावर आहेत.

तो कागद म्हणजे मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या गटाची, मिनिट बुक, सभांच्या नोंदींची वही. महिन्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी शनिवारी, सगळे सभासद बसायचे, एकाला सभा चालवायला मॉडरेटर करायचे आणि क्लार्क लिहून घ्यायचा. कोण लेटर घेऊन आलं, कोण अनुभव सांगून बाप्तिस्म्याला तयार झालं, कोणी लेटर मागितलं, कोण दारू पिऊन भांडला, कोणाला मंडळीतून काढलं. यातलं लेटर हे सोनं आहे. बाप्टिस्ट माणूस एक गाव सोडून दुसऱ्या गावी निघाला की जुन्या मंडळीकडून पत्र घ्यायचा, हा किंवा ही आमच्याकडे चांगल्या सभासदत्वात आहे असं, आणि नव्या ठिकाणी ते दाखवल्यावर त्याला आत घ्यायचे. म्हणजे एका वहीत बाहेर जाण्याची तारीख आणि दुसऱ्या वहीत आत येण्याची तारीख, कधीकधी जुन्या मंडळीच्या नावासकट. माणूस डोंगरापलीकडे कुठून आला याचा असा पुरावा सरकारी कागदात क्वचितच मिळतो.

अजून एक गोष्ट, जी मला या वह्यांत सगळ्यात मोलाची वाटते. १७९० ते १८४० चे सगळे सेन्सस घ्या, त्यात फक्त घरातल्या कर्त्या माणसाचं नाव आहे, बाकी सगळे नुसते वयाच्या रकान्यातले आकडे. १८५० मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं, जन्माच्या राज्यासकट. पण मिनिट बुकात बाई स्वतःच्या नावानं आहे, सिस्टर अमुक, ती नवऱ्याच्या आधी लेटर घेऊन आली असेल, नवरा कधीच सभासद झाला नसेल, तरी ती आहे. तुमच्या उपदेशकाच्या बायकोचं खरं नाव सापडलं तर आधी इथंच सापडेल. आणि गुलाम माणसंही आहेत, त्यावर खाली येते, ते सोडू नका.

आता माझं मुख्य म्हणणं. या काळातला बाप्टिस्ट उपदेशक एकटा हलत नाही. तो मंडळीबरोबर हलतो किंवा मंडळी त्याच्यामागे हलते. सगळ्यात ठळक उदाहरण लुइस क्रेगचं. व्हर्जिनियाच्या स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) त्याची अख्खी मंडळी १७८१ च्या शरद ऋतूत निघाली, बायकापोरं, गुरंढोरं, गुलाम, शेजारी धरून ५००-६०० माणसं होती असं सांगतात, आणि कंबरलँड गॅप या डोंगरातल्या खिंडीतून थंडीत केंटकीच्या गिल्बर्ट्स क्रीकला पोचली. आता समजा तुमचा माणूस त्या लोकांत आहे आणि त्याच्या नावावर काहीच सापडत नाही, तर आजूबाजूच्या वीस घरांचं बघा, ती स्पॉटसिल्व्हेनियाची निघाली तर तोही तिथलाच असण्याची शक्यता किती वाढली बघा. आम्ही याला शेजार शोधणं म्हणतो. माणूस गप्प असला तरी शेजार बोलतो.

टेनेसीपुरतं बोलायचं तर मागे जाणारी वाट बऱ्याचदा नॉर्थ कॅरोलिनाच्या सँडी क्रीकवरून जाते, घरात व्हर्जिनिया सांगत असले तरी. शूबल स्टर्न्स नावाचा बॉस्टनमध्ये जन्मलेला उपदेशक १७५५ मध्ये तिथं आला, सोबत मूठभर नातेवाईक, सोळा जणांची मंडळी, आणि थोड्याच वर्षांत ती ६०६ वर गेली. हे सेपरेट बाप्टिस्ट, बाप्टिस्टांतलाच एक वेगळा गट. मग रेग्युलेटर, म्हणजे करांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचं, गव्हर्नरशी भांडण पेटलं, १६ मे १७७१ ला अलामान्सची लढाई झाली, शेतकरी हरले, आणि लोक तो भाग सोडून असे पांगले की सँडी क्रीकच्या मंडळीत १४ सभासद उरले. बरेच जण डोंगर ओलांडून वटॉगा आणि होल्स्टन नद्यांच्या खोऱ्यांत गेले. तुमच्या घरात १७८० सांगतात म्हणजे त्या लाटेतला किंवा तिच्या मागचा माणूस असू शकतो.

एक खरं प्रकरण घेऊन दाखवते, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल. टायडन्स लेन. टेनेसीतल्या पहिल्या टिकलेल्या बाप्टिस्ट मंडळीचा पाळक, बफेलो रिज, बून्स क्रीकवर, १७७८-७९ ची गोष्ट. नंतर तो खाली बेंट क्रीकला गेला, १७८५ मध्ये तिथं मंडळी उभी केली, १७८६ मध्ये होल्स्टन असोसिएशन, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचा संघ, झाला त्याचा पहिला मॉडरेटर हाच, आणि १८०६ च्या जानेवारीत वारला. एवढं टेनेसीच्या बाजूनं मिळतं. मागे कसं जायचं?

पहिला धागा त्या काळातल्या एका बाप्टिस्ट पाळकाच्या टिपणांत आहे. मॉर्गन एडवर्ड्स, वेल्समध्ये जन्मलेला, फिलाडेल्फियाचा पाळक, १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेत घोड्यावरून फिरला आणि मंडळीमंडळीची माहिती लिहून घेतली. बऱ्याच पाळकांचा जन्म कुठला, बायको कोण, मुलं कोण, हे त्यानं लिहिलंय. त्यानं लेनच्याच तोंडची हकिकत दिलीय की स्टर्न्सची कीर्ती ऐकून आपण कुतूहलानं बघायला गेलो, पीचच्या झाडाखाली तो पुस्तक घेऊन बसला होता, त्यानं आपल्याकडे असं रोखून बघितलं की तिथून निघून जायचं म्हटलं तरी पाय उचलेना. वाचायला छानच आहे, पण मला त्यातली एक साधी गोष्ट कामाची वाटते, लेन म्हणतो की तेव्हा मी यॅडकिनवर राहत होतो. झालं, नदी मिळाली. यॅडकिन म्हणजे त्या काळची रोवन काउंटी, म्हणजे रोवनचे जमिनीचे कागद, कोर्टाच्या वह्या आणि टॅक्सच्या याद्या बघायच्या.

दुसरा धागा भावाचा. डटन लेन हा व्हर्जिनियातला उपदेशक, पिट्सिल्व्हेनिया काउंटीत डॅन नदीवरच्या मंडळीचा, तो याचा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल जुन्या व्हर्जिनिया बाप्टिस्ट इतिहासात लिहिलंय की बाप इतका विरोधात होता की मुलाला मारायला निघाला आणि शेवटी त्याच मुलाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. बापाचं नाव रिचर्ड लेन. म्हणजे टायडन्सच्या वडिलांचं नाव टायडन्सच्या कागदात नाही तर भावाच्या हकिकतीत मिळालं.

तिसरा धागा नावाचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. टायडन्स हे नाव इंग्रजीतही विचित्रच आहे. विचित्र पहिलं नाव दिसलं की मी लगेच वही उघडते, कारण आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं तिकडे आजीचं माहेरचं आडनावच नातवाचं पहिलं नाव व्हायचं. टायडन्सची आजी मेरीलँडची, प्रेटिशिया टायडिंग्ज. टायडिंग्जचं बोलता बोलता टायडन्स झालं. भावाचं डटन हे नावही घराण्यातलंच, आजोबा डटन लेन. जन्म १७२४ चा, बाल्टिमोरजवळचा, वडील रिचर्ड लेन, आई सारा फुलर. आणि मेरीलँडला पोचलं की अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) पॅरिशची रजिस्टरं सुरू होतात, तिथं बाळांच्या नोंदी असतात, कारण बाप्टिस्ट व्हायच्या आधी ही घराणी बऱ्याचदा अँग्लिकन किंवा क्वेकर या दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाची असायची. क्वेकर असतील तर चांदीच, त्यांच्याइतक्या नीट वह्या कोणाच्या नाहीत. तेव्हा तुमच्या माणसाची जन्माची नोंद मिळालीच तर बाप्टिस्टांकडे मिळणार नाही, त्यानं जो पंथ सोडला त्याच्या वहीत मिळेल. फक्त १७५२ च्या आधीची तारीख असेल तर लक्षात ठेवा की तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांत एक वर्षाचा गोंधळ होतो.

टायडन्सच्या बायकोचं बघा, एस्थर. माहेरचं आडनाव कुठं बिबिन लिहिलंय, कुठं बिबर. असं झालं की दोन्ही स्पेलिंगं धरून चालायचं, एकाला खरं नि एकाला खोटं ठरवायची घाई करायची नाही. क्लार्क कानानं ऐकून लिहायचे.

आता काउंटी. हे समजल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. तुमचा उपदेशक पन्नास वर्षं एकाच झोपडीत राहिला असला तरी त्याचे कागद चार काउंट्यांत आणि दोन-तीन राज्यांत असू शकतात. पूर्व टेनेसी आधी नॉर्थ कॅरोलिनात होतं. वॉशिंग्टन काउंटी १७७७ ची, सुलिव्हन १७७९, ग्रीन १७८३, हॉकिन्स १७८७, जेफरसन आणि नॉक्स १७९२. मधे १७८४ ते १७८८ स्टेट ऑफ फ्रँकलिन नावाचं राज्य लोकांनी चालवून बघितलं, १७९० पासून फेडरल टेरिटरी, म्हणजे थेट केंद्र सरकारच्या ताब्यातला प्रदेश, आणि १७९६ ला टेनेसी राज्य. टायडन्स लेनचं बेंट क्रीक आज हॅम्बलेन काउंटीत दाखवतात, पण ती काउंटी बनलीच १८७० मध्ये. हॅम्बलेनच्या कोर्टहाऊसमध्ये जाऊन त्याचं मृत्युपत्र मागितलं तर काय मिळणार. म्हणून तारीख, जागा आणि त्या तारखेला ती जागा कोणत्या काउंटीत होती, असे तीन रकाने करूनच वही ठेवा.

सेन्ससच्या भरवशावर राहू नका. टेनेसीचे १७९० आणि १८०० चे सेन्सस राहिलेले नाहीत, १८१० चा जवळपास सगळा गेला, १८२० चा पूर्वेकडचा भाग नाही, म्हणजे पूर्व टेनेसीसाठी खरी सुरुवात १८३० पासून. केंटकीचेही पहिले दोन नाहीत. त्या जागी टॅक्सच्या याद्या वापरायच्या, जिथं राहिल्यात तिथं वर्षानुवर्षं एका पाठोपाठ बघायच्या. मुलगा एकवीसचा झाला की बापाच्या शेजारी त्याचं नाव उगवतं. बापाचं नाव गेलं आणि पुढच्या वर्षी विधवेचं आलं की मृत्यूचं वर्ष मिळालं. कंटाळवाणं काम आहे पण एकाच नावाचे दोन पुरुष वेगळे करायला याच्यासारखं साधन नाही.

हा एकाच नावाचा मुद्दा मी अनुभवानं सांगतेय. सुरुवातीच्या वर्षांत मी एका घराण्यासाठी चौदा महिने चुकीच्या माणसाच्या मागे होते. एका जुन्या छापील वंशावळीत त्याला एल्डर म्हटलं होतं आणि दुसऱ्या कागदात त्याच नावापुढे सीनियर होतं, मी दोन्ही एकच धरले. आपल्या मराठी बायबलात एल्डरला वडील म्हणतात, त्यामुळे आपल्या डोक्यात वयाचा आणि बापाचा अर्थ पटकन येतो. पण बाप्टिस्टांत एल्डर म्हणजे दीक्षा झालेला उपदेशक, पंचविशीतला पोरगाही एल्डर असतो. आणि सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं त्या काळी नव्हतं, गावात एका नावाचे दोन असले की मोठा सीनियर, मग ते काका-पुतणे असोत की काही नातं नसो. शेवटी टॅक्स याद्यांत दोघं एकाच वर्षी दोन वेगळ्या ओढ्यांवर दिसले तेव्हा उलगडलं. त्या घरातल्या आजींना मी तोपर्यंत चुकीचं नाव दिलं होतं नि त्यांनी ते स्मृतिशिळेवर कोरून घेतलं होतं, ते मला अजून लागतं. म्हणून ऑनलाइन झाडावरचं एकही नाव पुराव्याशिवाय नातवाच्या वहीत उतरवू नका.

जमिनीकडे वळू. हे उपदेशक पगारी नव्हते, आठवडाभर नांगर आणि रविवारी उपदेश, त्यामुळे जमिनीचे कागद हमखास असतात. त्या भागात मोजणी झाडं-ओढे धरून व्हायची आणि सर्व्हेच्या कागदावर साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात, चेन कॅरियर. लोक ते नाव वाचतच नाहीत. परगावचा माणूस साखळी धरायला कोण बोलावणार, ते बहुतेक मुलगा, मेव्हणा, जावई किंवा शेजारी असतात. मी एकदा दोन साखळीवाल्यांवरून एका बाईचं माहेर काढलंय. तसंच नव्या ठिकाणची पहिली खरेदी आणि जुन्या ठिकाणची शेवटची विक्री, या दोन डीड (खरेदीखतं) शोधा, कारण विकताना पत्त्यात आधीची किंवा नवी काउंटी लिहिलेली असते, आणि बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन तिची संमती विचारल्याची नोंद असेल तर तिचं पहिलं नाव मिळतं.

व्हर्जिनियाच्या बाजूला दोन-तीन खास जागा आहेत. बाप्टिस्ट उपदेशकांना तिथं १७६८ पासून तुरुंगात टाकत होते, लुइस क्रेग आणि जॉन वॉलर यांना फ्रेडरिक्सबर्गला टाकलं ते त्याच वर्षी, आरोप काय तर शांतताभंग. ज्याच्यावर खटला झाला तो कोर्टाच्या ऑर्डर बुकात आला, त्यामुळे ते पानन् पान बघण्यासारखं आहे. १७७६ मध्ये सक्तीचा चर्चचा कर वगैरे काढा म्हणून जो मोठा अर्ज असेंब्लीकडे, म्हणजे विधिमंडळाकडे गेला त्याला दहा हजार नावांचा अर्ज म्हणतात, तो आणि असे इतर अर्ज रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत, सह्या ऑनलाइन बघता येतात. आपल्या माणसाची सही कोणाच्या सहीच्या वर-खाली आहे ते बघायचं. आणि लग्नं: १७८० च्या कायद्याआधी तिथं बाप्टिस्ट पाळकानं लावलेलं लग्न कायद्यानं धरलंच जात नव्हतं, नंतरही सुरुवातीला एका काउंटीत एका पंथाच्या चारच पाळकांना परवाना. त्यामुळे परवान्याची नोंद कोर्टाच्या वहीत सापडते आणि त्यानंतर त्यानं लावलेल्या लग्नांच्या याद्याही. याद्यांत जी जोडपी आहेत ती त्याची मंडळी समजा.

पेन्शनची फाइल लोक विसरतात. तुमचा माणूस अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढला नसेल तरी बघा. १८३२ च्या कायद्याखाली म्हाताऱ्या सैनिकांनी अर्ज केले तेव्हा छापील नमुन्यातच अमुक ठिकाणी राहणारा पाळक आणि एक शेजारी यांनी ओळख पटवायची असं होतं. म्हणजे उपदेशकाचं नाव दुसऱ्यांच्या फाइलमध्ये, ठिकाण आणि तारखेसकट आहे, आणि तो अर्जाच्या वर्षी जिवंत होता हे त्यावरून कळतं. तुमचा १७८० चा माणूस तोवर नसेल, पण मुलगा उपदेशक झाला असेल तर नक्की बघा, ही घराणी पिढ्यान्पिढ्या उपदेशक देत. सैनिकांच्या विधवांनी तर लग्न सिद्ध करायला घरच्या बायबलमधलं जन्ममृत्यूचं पान फाडून जोडलेलं असतं, ती पानं आजही फाइलमध्ये आहेत.

आता फुटाफुटीबद्दल, इथं आपल्या मराठी लोकांना एक खरा धागा लागतो. १८१२ मध्ये फिलाडेल्फियाहून एका जहाजानं गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस हे मिशनरी हिंदुस्थानला निघाले. हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोचले, तिथून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, ज्याचं ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ पासून निघालं. राइस मात्र कलकत्त्यात असताना बाप्टिस्ट झाला, अमेरिकेत परतला आणि परदेशी मिशनसाठी पैसे गोळा करत घोड्यावरून देशभर फिरला. फ्रंटिअरच्या बाप्टिस्टांत यावरूनच भांडण लागलं, आपली मंडळी स्वतंत्र, वर बोर्ड नि सोसायट्या कशाला, असं म्हणणारे एकीकडे, मिशनवाले दुसरीकडे. १८२० आणि १८३० च्या दशकांत असोसिएशनं उभी चिरली गेली. अलेक्झांडर कॅम्पबेल या सुधारक उपदेशकाच्या मागे गेलेले आणखी वेगळे. कागदांवर याचा परिणाम असा की जुनी वही ज्या गटाकडे राहिली त्याच्याकडे आहे. तुम्ही मिशनच्या बाजूच्या सदर्न बाप्टिस्टांकडे विचारत बसाल आणि वही मिशनविरोधी प्रिमिटिव्ह बाप्टिस्ट मंडळीच्या क्लार्कच्या घरातल्या ट्रंकेत असेल.

मिशनविरोधकांतला पुढारी डॅनियल पार्कर. त्याचा प्रवास बघा म्हणजे मंडळीमागून माणूस शोधायचा म्हणजे काय ते पटेल. व्हर्जिनियात जन्म, वाढला जॉर्जियात, टेनेसीत दीक्षा, १८१७ च्या सुमारास इलिनॉय. तिथून टेक्सासला जायचं ठरलं, पण टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग आणि तिथं प्रोटेस्टंट मंडळी स्थापन करायला बंदी. मग त्यानं १८३३ मध्ये इलिनॉयमध्येच पिल्ग्रिम नावाची मंडळी स्थापन केली आणि ती तयार मंडळी घेऊन टेक्सासला गेला. वही त्यांच्याबरोबर गेली. इलिनॉयच्या सभासदांची नावं टेक्सासच्या वहीत आहेत. त्याच घराण्यातली सिंथिया अ‍ॅन पार्कर, १८३६ मध्ये फोर्ट पार्करवरच्या हल्ल्यात कोमांची या मूळ जमातीच्या लोकांनी नेलेली, ती डॅनियल पार्करची पुतणी.

यावरून चेरोकी आजीकडे येते. पूर्व टेनेसीत मला दर दुसऱ्या घरात ती भेटते. काही घरांत खरी आहे, बऱ्याच घरांत नाही, आणि राजकन्या तर कधीच नाही, कारण चेरोकींत राजकन्या असा प्रकार नव्हता. ही गोष्ट नातवाला घरातली आठवण म्हणून लिहू द्या, पण पुराव्याच्या रकान्यात टाकू नका. तीन भावांची गोष्टही तशीच. डीएनए करायचा असेल तर जावयाच्या आडनावाच्या सरळ पुरुष ओळीतल्या एखाद्याची वाय टेस्ट (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी) करा, साधी टेस्ट सात पिढ्यांमागे फार क्षीण होते. वायनं निदान कळेल की त्या नावाच्या कोणत्या घराण्याचे हे.

आणि गुलामांबद्दल, जे मी वर म्हटलं. बऱ्याच उपदेशकांकडे गुलाम होते. वहीत अमक्याचा हॅरी, तमक्याची जूडी असं लिहिलेलं असतं, लेटरनं घेतले, बाप्तिस्मा दिला, कधी काढून टाकले. क्रेगच्या त्या प्रवासात पीटर ड्युरेट नावाचा गुलाम उपदेशक होता, त्यानं पुढे लेक्सिंग्टनला काळ्या लोकांची बाप्टिस्ट मंडळी उभी केली, १८२३ मध्ये वारला. आज कोणीतरी आपल्या पणजोबांच्या पणजोबांना शोधत असतं आणि त्या माणसाचं नाव जगात फक्त या मिनिट बुकात आणि तुमच्या जावयाच्या पूर्वजाच्या मृत्युपत्रात असतं. म्हणून मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, वही, काहीही वाचताना ती नावं वेगळी उतरवून ठेवा आणि खुली टाका. जावयाला अवघड वाटेल, वाटू दे, पण टाळू नये. माझ्याकडच्या कामात मी हे अटच ठेवते.

कामाला लागताना असं करा. लेक नॅशव्हिलला आहे हे तुमचं भाग्य, कारण टेनेसी स्टेट लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज आणि सदर्न बाप्टिस्ट हिस्टॉरिकल लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज दोन्ही तिथंच आहेत, जायच्या आधी कॅटलॉग बघून नि मेल करून जावं. पूर्वेकडचं नॉक्सव्हिलच्या मॅक्लंग कलेक्शन या संग्रहात. १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेत लोकांनी बऱ्याच जुन्या वह्या टाइप करून काढल्या, त्या वाचायला सोप्या, पण टाइप करणाऱ्यानं एस चा एल वाचलेला असतो म्हणून शंका आली की मूळ वहीची मायक्रोफिल्म बघायची. तुम्ही पुण्यात बसून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर डीड आणि कोर्टाच्या वह्या फुकट बघू शकता, आता हस्ताक्षरातला मजकूरही शब्दानं शोधता येतो, तिथं उपदेशकाचं नाव न टाकता त्याच्या ओढ्याचं नाव टाकून बघा. बर्नेटचं १९१९ चं टेनेसीच्या जुन्या बाप्टिस्ट उपदेशकांवरचं पुस्तक ऑनलाइन आहे, त्यात तुमचा माणूस असेल तर आधी वाचा, पण त्यातही घरच्यांनी सांगितलेलं बरंच आहे, तेव्हा धागा म्हणून धरा, पुरावा म्हणून नको.

आणि जावयाला एक विचारा, घराण्याचं जुनं दफनस्थान कोणत्या मंडळीच्या आवारात किंवा कोणत्या ओढ्याच्या काठी आहे. ओढ्याचं नाव आणि ज्ञात असलेलं सगळ्यात जुनं वर्ष मला कळवा, त्या वर्षी ती जागा कोणत्या काउंटीत होती आणि जवळ कोणती मंडळी होती ते मी नकाशावर बघून सांगते, मग वहीपासून सुरुवात करू.